मंदगती वाहने आणि रस्त्याचा कायदा

मूलहून गडचिरोलीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९३० सावलीतून पुढे व्याहाडमार्गे वैनगंगेच्या पुलाकडे जातो. कार्तिक-मार्गशीर्षात धानाची कापणी उरकू लागली की दिवेलागणीच्या सुमारास या रस्त्यावर जे दृश्य दिसते, ते या भागातील प्रत्येक शिक्षकाने व कारकुनाने आपल्या रोजच्या येण्याजाण्यात पाहिलेले असते. धानाच्या भाऱ्यांनी दोन्ही अंगांनी फुगलेली बंडी, मागचे दिवे नसलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, शाळेतून परतणाऱ्या मुलींच्या सायकली, बाजारातून सवारी घेऊन निघालेली एखादी ई-रिक्षा, आणि या सर्वांच्या पाठीमागून ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने येणारा मालट्रक. रस्ता एकच, त्याची रुंदीही तीच. परंतु त्यावरून चालणाऱ्यांच्या वेगात पंधरा-वीस पटींचे अंतर आहे. मंदगती वाहनांसंबंधीच्या नियमांचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो येथे.

काही दिवसांपूर्वी वर्गात सार्वजनिक वस्तूंचे अर्थशास्त्र शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, आमच्या बंडीला परवाना लागत नाही, बॅटरीच्या दुचाकीलाही लागत नाही. मग ई-रिक्षा घेतली की परवाना, नोंदणी, विमा हे सगळे एकदम का लागते? तिन्ही हळूच चालतात ना?" प्रश्न वरकरणी भाबडा वाटला, तरी तो वास्तविक फार नेमका होता. कायद्याने मंद वाहनांचे जे वर्गीकरण केले आहे ते कोणत्या तत्त्वावर, आणि ते तत्त्व सावलीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी कितपत टिकते, हेच त्याला विचारावयाचे होते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या संज्ञेची जी व्याख्या आहे, तीतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेली खास वाहने वगळली आहेत. रेल्वे स्थानकांवर, विमानतळांवर किंवा प्राणिसंग्रहालयात वृद्धांना व अपंगांना नेणाऱ्या, मुळात गोल्फच्या मैदानासाठी जन्मलेल्या बॅटरीच्या गाड्या या अपवादाच्या छायेत चालतात. फाटकाच्या आत त्यांना नोंदणी नको. परंतु फाटकाबाहेर, जेथे जनतेला जाण्यायेण्याचा हक्क आहे अशा कोणत्याही वाटेवर त्या आल्या, की हा अपवाद संपतो. दुसरा अपवाद बॅटरीच्या दुचाकींचा. ज्यांच्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, त्या केंद्रीय नियमांप्रमाणे मोटार वाहन ठरत नाहीत. त्यांना क्रमांकाची पाटी नाही, चालकास परवाना नाही आणि वयाची अटही नाही. बैलगाडी तर यंत्राने चालणारे वाहनच नसल्याने या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहते.

ई-रिक्षाची कथा याहून वेगळी आहे. दिल्लीत हजारोंच्या संख्येने धावू लागलेल्या या तीनचाकींवर ३१ जुलै २०१४ रोजी तेथील उच्च न्यायालयाने बंदी घातली, कारण त्या ना नोंदलेल्या होत्या ना विमा उतरविलेल्या. त्यानंतर केंद्र सरकारने प्रथम नियम केले आणि २०१५ मध्ये मूळ कायद्यातच दुरुस्ती करून ई-रिक्षा व ई-कार्ट यांना स्वतंत्र स्थान दिले. कमाल वेग ताशी २५ किलोमीटर. रिक्षात चार प्रवासी व ४० किलो सामान. मालवाहू ई-कार्टमध्ये ३१० किलो माल. चालकास किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण. पुढे २०१६ मध्ये या वाहनांना मार्ग-परमिटच्या अटीतून सूट देण्यात आली. मात्र विशिष्ट भागात वा विशिष्ट रस्त्यांवर त्यांना मज्जाव करण्याचा अधिकार राज्यांकडे ठेवण्यात आला. नोंदणी, विमा व चालकाचा परवाना या गोष्टी कायम राहिल्या.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे अर्धे मिळते. ई-रिक्षा भाड्याने माणसे नेते. जो आपला जीव दुसऱ्याच्या हाती पैसे देऊन सोपवितो, त्याच्यासाठी विमा व परवाना मागणे योग्यच आहे. परंतु उरलेला अर्धा भाग अनुत्तरित राहतो. कायद्याचे सारे लक्ष वाहन किती शक्तीचे, त्याचा कमाल वेग किती, यावर आहे. मंद वाहनाचा धोका मात्र त्याच्या स्वतःच्या वेगातून उत्पन्न होत नाही; तो त्याच्या आणि पाठीमागून येणाऱ्याच्या वेगातील फरकातून उत्पन्न होतो. एकट्या रस्त्यावर ताशी चार किलोमीटरने चालणारी बंडी जगातील सर्वांत निरुपद्रवी वाहन आहे. तीच बंडी महामार्गावर आली, की तिच्या निरुपद्रवीपणाचा तिला काही उपयोग होत नाही.

थोडा हिशेब मांडून पाहिला तर हे अधिक स्पष्ट होईल. समजा, ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे आणि बंडी ४ किलोमीटरने पुढे चालली आहे. दोघांतील अंतर ताशी ५६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपंधरा मीटर या वेगाने कमी होते. समोरून येणाऱ्या वाहनामुळे ट्रकचालकाने दिवे खाली केले आणि त्याला बंडी ४० मीटरवर दिसली, तर त्याच्या हाती अडीच सेकंद उरतात. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत त्यांतले दीड सेकंद संपतात. तीच बंडी, तिच्या मागच्या बाजूस प्रकाश परतविणारी लाल पट्टी असल्यामुळे १५० मीटरवरून दिसली, तर चालकास नऊ सेकंदांहून अधिक अवधी मिळतो. हा फरक घडविण्यासाठी बंडीला ना मोटार लागली, ना परवाना. एका पट्टीने तो घडविला.

हे जगाला ठाऊक नाही असे नाही. अमेरिकेत १९६२ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी शेतीच्या संथ वाहनांसाठी नारिंगी रंगाचा, लाल परावर्तक कडांचा त्रिकोण तयार केला. आज तेथे ट्रॅक्टरांच्या व घोडागाड्यांच्या पाठीवर तो दिसतो आणि त्याचा अर्थ चालकांना सांगावा लागत नाही. त्याच देशात निवृत्तांच्या वसाहतींतून गोल्फच्या गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या, तेव्हा १९९८ मध्ये केंद्रीय पातळीवर 'मंदगती वाहन' असा नवा वर्ग निर्माण करण्यात आला. ताशी २० मैलांहून अधिक पण २५ मैलांपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ३२ ते ४० किलोमीटर वेगाच्या चारचाकी गाड्यांना पुढचे-मागचे दिवे, वळण्याचे दर्शक दिवे, परावर्तक, आरसे, हातब्रेक, समोरची काच आणि आसनपट्टे सक्तीचे झाले. त्याहून मंद गाड्यांचा प्रश्न राज्ये व स्थानिक संस्थांवर सोपविण्यात आला, आणि ज्या रस्त्यांवर वेगमर्यादा कमी आहे तेवढेच रस्ते त्यांना मोकळे ठेवण्याची पद्धत रूढ झाली. जॉर्जिया राज्यातील पीचट्री सिटी या गावाने तर अशा गाड्यांसाठी सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या वेगळ्या वाटाच बांधल्या.

श्रीमंतांच्या खेळातील गाडीचे उदाहरण सावलीच्या बंडीला लावणे काही वाचकांस विसंगत वाटेल. परंतु नियमाचे तत्त्व गाडीच्या किमतीवर अवलंबून नसते. या उदाहरणातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत : मंद वाहन दिसले पाहिजे, ते कोणत्या रस्त्यावर चालेल हे ठरलेले असले पाहिजे, आणि शक्य तेथे त्याला स्वतःची वाट असली पाहिजे. आपल्याकडे या तिन्ही गोष्टींची साधने पूर्वीपासून आहेत. अभाव आहे तो त्यांची एकत्र जुळणी करण्याचा.

पहिली गोष्ट दिसण्याची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस मागे लाल परावर्तक असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे १९८९ पासून बंधनकारक आहे. तरीही मोसमाच्या दिवसांत किती ट्रॉल्यांवर ते दिसतात, हे कोणीही तासभर रस्त्यावर उभे राहून मोजावे. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या गाड्यांना गाळप हंगामापूर्वी परावर्तक लावण्याच्या मोहिमा होतात, कारण तेथे साखर कारखाना ही एक अशी संस्था आहे की जिच्या दारात प्रत्येक गाडी येतेच. आमच्या धानपट्ट्यात कारखाना नाही. पण धान खरेदी केंद्र आहे, बाजार समिती आहे, गिरणी आहे. या दारांशी येणाऱ्या प्रत्येक बंडीला व ट्रॉलीला तेथेच पट्टी लावून देणे हे एका हंगामात होण्यासारखे काम आहे. त्याचा खर्च एका अपघातात जखमी झालेल्या माणसाच्या औषधोपचारापुढे नगण्य ठरेल.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा सिद्धांत लागू होतो. ज्याच्या कृतीचा भार दुसऱ्यावर पडतो, त्याच्याकडून तो वसूल झाला नाही तर ती कृती प्रमाणाबाहेर होते. वेगाने जाणारा ट्रक आपल्या मालकाला वेळेची बचत मिळवून देतो. त्या वेगाचा धोका मात्र बंडीवाला, सायकलवरची मुलगी आणि पायी चालणारा मजूर सोसतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीस्वार सुमारे ४४.५ टक्के आणि पादचारी सुमारे १९.५ टक्के होते. म्हणजे मरणाऱ्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश माणसे लोखंडाच्या कवचाबाहेरची होती. तेव्हा 'मंद वाहनेच रस्त्यास अडथळा आहेत, त्यांना हटवा' असे जे म्हणतात, ते अपघाताचा भार सोसणाऱ्यालाच अपघाताचे कारण ठरवितात.

तथापि, 'गरिबाची बंडी आहे, तिला नियम कशाला?' हा दुसरा पक्षही तितकाच फसवा आहे. नियम नसण्याची किंमत शेवटी गरीबच मोजतो. अपघातानंतर नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो, तेव्हा बंडीस दिवा नव्हता, परावर्तक नव्हता, हे दाखवून मृताचाही हलगर्जीपणा होता असा युक्तिवाद केला जातो. आणि तो मान्य झाल्यास वारसांच्या भरपाईतून तितका हिस्सा वजा होतो. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. २०२२ पूर्वी हेच आकडे पंचवीस हजार व साडेबारा हजार होते. उलट बाजूही लक्षात घ्यावी. परवान्याविना चालणाऱ्या बॅटरीच्या दुचाकीने एखाद्या वृद्धास पाडले, तर सक्तीचा विमा नसल्याने भरपाई द्यावयाची कोणी? ताशी २५ किलोमीटरची म्हणून विकलेली दुचाकी वेगाची मर्यादा काढून टाकून चाळीसने पळविली जाते, हे काही गुपित नाही. अशा फेरफारांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागास २०२२ मध्ये मोहीम हाती घ्यावी लागली होती. दहावी-बारावीची मुले या दुचाकींवर शिकवणीला जातात, आणि त्यांच्या पालकांची समजूत अशी असते की परवाना नको म्हणजे धोकाही नाही.

दुसरी गोष्ट रस्त्यांच्या वर्गवारीची. समृद्धी महामार्गावर दुचाकी, तीनचाकी व बैलगाडीस प्रवेश नाही, आणि ते योग्यच आहे. तो रस्ता मुळातच वेगासाठी, गावांना टाळून बांधलेला आहे. परंतु सावलीतून जाणारा महामार्ग गावांना टाळून जात नाही. तोच गावाचा रस्ता आहे, तोच शाळेचा आणि तोच बाजाराचा. नावात 'राष्ट्रीय' आले म्हणून बंडीला तेथून घालवून दिले, तर बंडीने जावे कोठून? म्हणून अशा रस्त्यावर वस्तीच्या हद्दीत वेगमर्यादेचे कडक पालन आणि वस्तीबाहेर भक्कम, सलग साइडपट्टी, हाच न्याय्य मार्ग होय. डांबर वाढविताना साइडपट्टी खाली राहते आणि मध्ये वीतभर कड तयार होते. मग सायकलस्वार त्या कडेच्या भीतीने डांबरावरच चालतो आणि पाठीमागून येणारा ट्रक त्याला दोष देतो. ही चूक चालकाची नसून बांधकामाची आहे.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे स्वतंत्र वाटेची. पीचट्री सिटीने ज्या वाटा लक्षावधी डॉलर खर्चून बांधल्या, त्या आमच्या खेड्यांना पूर्वजांनी फुकट दिलेल्या आहेत. त्यांचे नाव पांदण. गावातून शेताकडे आणि एका शेतशिवारातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या या वाटा बंडीसाठीच होत्या. त्यांतील कित्येक आज दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी गिळल्या आहेत. ज्या उरल्या त्या रोवणीच्या दिवसांत चिखलाने बंद होतात. मग दीड किलोमीटर पांदणीने जाणारी बंडी चार किलोमीटर महामार्गाने जाते, आणि केजव्हील लावलेला ट्रॅक्टर डांबरावर चिखल सांडीत चालतो. अडविलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदारास दिलेला आहे. बांधावरून वाट मिळविण्याची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेखाली पांदण रस्त्यांसाठी निधीची सोय झाली. आणि २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' सदरात घेण्याचा निर्णय महसूल विभागाने केला. या साऱ्यांकडे आपण केवळ शेतीच्या सोयीचा विषय म्हणून पाहतो. वस्तुतः ही रस्ता-सुरक्षेची कामे आहेत. मोकळी झालेली प्रत्येक पांदण महामार्गावरून काही बंड्या कमी करते.

ई-रिक्षाच्या बाबतीत मात्र धोरण केवळ सावधगिरीचे असून चालणार नाही. एसटीची फेरी चुकली की आडगावच्या माणसास तालुक्याला येण्यास दुसरे साधन नसते. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या, बसगाड्याही सुरू झाल्या. परंतु सावली परिसरात वाघाचा वावर आहे, आणि अंधारात जंगलकडेच्या रस्त्याने सायकलवर येणाऱ्या मुलीच्या आईबापांची काळजी शहरातील वाचकास कळणे कठीण आहे. पाच-सहा किलोमीटरच्या अंतरासाठी चार जणांना नेणारी ई-रिक्षा येथे चैन ठरत नाही. ३१० किलोची मर्यादा असलेल्या ई-कार्टमध्ये चाळीस किलो भरतीची सात पोती धान बसते. लहान शेतकऱ्याच्या एका खेपेस तेवढे पुरे. परंतु सरकारची 'पिंक ई-रिक्षा' योजना, जीत २० टक्के वाटा शासनाचा, १० टक्के लाभार्थी महिलेचा व ७० टक्के बँकेच्या कर्जाचा आहे, ती शहरांसाठी आखलेली आहे. ज्या तालुक्यांत बस कमी आणि अंतरे लहान, तेथे अशा योजनेची गरज शहरापेक्षा कमी कशी?

या संदर्भात माथेरानचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे मोटारीस बंदी असल्याने माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा एकविसाव्या शतकातही चालू राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने २०२२ मध्ये ई-रिक्षाचा प्रयोग झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. विशेष हे की, नवी वाहने हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळावीत, असेही न्यायालयाने बजावले. मंद वाहनाचा नियम करताना त्या वाहनावर पोट असलेल्या माणसाचा विचार नियमातच असला पाहिजे, हा त्या आदेशाचा मथितार्थ आहे. बंडीला रस्त्यावरून हटविणारा फलक लावणे सोपे आहे. बंडीवाल्याला दुसरे साधन देणे अवघड आहे. पहिली गोष्ट दुसरीवाचून करू नये.

नियम वाढले की चिरीमिरी वाढते, हा आक्षेप वाचक घेतील, आणि तो अनुभवाचा आहे. म्हणूनच प्रस्तुत लेखकाची सूचना नियम वाढविण्याची नसून थोडे, डोळ्यांना दिसणारे आणि वाद न होणारे नियम करण्याची आहे. बंडी व ट्रॉलीच्या मागे परावर्तक आहे की नाही, हे शंभर पावलांवरून कोणासही दिसते. त्यासाठी कागदपत्र तपासावे लागत नाही. पट्टी नसेल तर पहिल्या वेळी दंड न करता तेथेच पट्टी लावावी. बॅटरीच्या दुचाकीवर विक्रेत्याने तिचा वेगवर्ग ठळक लिहावा आणि वेग वाढविण्याचा फेरफार करून देणाऱ्यास जबाबदार धरावे, शाळकरी मुलास नव्हे. कोणत्या रस्त्यांवर ई-रिक्षा चालेल याची यादी तालुकावार, पंचायत समितीच्या सल्ल्याने व्हावी. ती मुंबईत बसून करता येणार नाही. आणि वस्तीच्या हद्दीत ट्रकचा वेग आवरण्याचे काम फलकावर न सोडता रस्त्याच्या रचनेवर सोपवावे.

१९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच सावलीत भरले होते. त्या काळी येथे येणाऱ्या पाहुण्यांना रस्त्यावर जे वाहन सर्वाधिक दिसले असेल, ते बंडीच होते. त्यानंतर रस्ता रुंद झाला, डांबरी झाला, राष्ट्रीय झाला. बंडी मात्र अजून त्यावर आहे आणि महाशिवरात्रीस मार्कंड्याच्या यात्रेला निघालेली कुटुंबे आजही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. ट्रॉलीत माणसे बसविणे बेकायदा आहे हे त्यांना सांगितलेच पाहिजे. पण त्याच दिवशी जादा बसगाड्या किती सोडल्या, हेही विचारले पाहिजे. यंदाची कापणी सुरू होण्यापूर्वी सावलीच्या एका खरेदी केंद्रावर जरी परावर्तक पट्ट्यांचे गठ्ठे पोचले आणि एक जरी पांदण मोकळी झाली, तरी वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला सांगण्यासारखे उत्तर माझ्यापाशी असेल.